डाग काढण्यापूर्वी

आमच्या गडचिरोली जिल्ह्याच्या रानातून उन्हाळ्यात जाऊ लागले म्हणजे एखाद्या खडकाळ उतारावर एक पांढरेशुभ्र झाड दृष्टीस पडते. त्याची पाने गळून गेलेली असतात, आणि खोडावरचे कागदासारखे पातळ पापुद्रे आपोआप सुटून वाऱ्यावर फडफडत असतात. ह्या झाडास कांडोळ म्हणतात. त्याचा पापुद्रा कोणी हाताने सोलला तरी झाडाचे काही बिघडत नाही. खाली नवी, गुळगुळीत साल तयारच असते. परंतु डिंकाच्या लोभाने त्याच खोडावर कुऱ्हाडीचे खोल घाव पडू लागले, म्हणजे तेच झाड हळूहळू सुकत जाते. पापुद्रा आणि घाव ह्यांतील अंतर मोजू गेल्यास बोटाच्या पेराएवढेही भरणार नाही. पण जगणे आणि मरणे ह्यांतील भेद तेवढ्यात सामावलेला असतो.

आज मला बोलावयाचे आहे ते मनुष्याच्या कातडीवरील अशाच पापुद्र्याविषयी. हल्ली शहरांतून 'केमिकल पील' नावाचा उपचार पुष्कळ प्रचारात आला आहे. एखादे आम्लद्रव्य ठरावीक प्रमाणात चेहऱ्यावर लावावयाचे, काही मिनिटे ठेवावयाचे, आणि त्याच्या योगाने कातडीचा वरचा थर सुटून गेला म्हणजे खालून नवी कातडी वर येऊ द्यावयाची, असे त्याचे थोडक्यात स्वरूप आहे. मुरुमांचे डाग, वांग, उन्हाने आलेला काळवंडलेपणा, बारीक सुरकुत्या अशा कारणांसाठी लोक तो करून घेतात. आता हा विषय पुण्यामुंबईच्या त्वचारोगतज्ज्ञांचा. जंगलातल्या दवाखान्यात हिवतापाचे आणि सर्पदंशाचे रोगी तपासणाऱ्या माझ्यासारख्या डॉक्टराने त्यात तोंड का घालावे, असा प्रश्न आपल्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर माझ्यापाशी आहे, आणि ते उत्तर म्हणजे बिब्बा.

काही वर्षांपूर्वी एक आजी आपल्या नातीस घेऊन माझ्याकडे आल्या. मुलीचे लग्न ठरले होते. गालावर एक काळसर डाग होता. तो लग्नापूर्वी जावा म्हणून घरातल्याच कोणी त्यावर बिब्ब्याचे तेल लावले. पहिल्या दिवशी काही झाले नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा लावले. तिसऱ्या दिवशी गाल सुजला, डोळा मिटला आणि पाण्याने भरलेले फोड आले. आजी पुनःपुन्हा एकच म्हणत होत्या, "बिब्बा त आमी पायाले नेहमीच लावतो जी!" त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. टाचेच्या भेगेवर, रोवणीच्या चिखलाने झालेल्या चिखल्यांवर बिब्ब्याचा चटका देण्याची रीत ह्या भागात जुनी आहे. परंतु टाचेची कातडी वेगळी आणि गालाची वेगळी, हा भेद त्या दिवशी घरात कोणाच्या ध्यानात आला नाही. मुलीचे लग्न झाले. पण एका लहान डागाच्या जागी तळहाताएवढा काळा डाग घेऊन ती बोहल्यावर चढली.

मराठीत एखाद्याच्या चांगल्या कामात विघ्न आणण्यास 'बिब्बा घालणे' असे म्हणतात. ज्या कोणी हा वाक्प्रचार प्रथम योजला त्याने बिब्ब्याची करणी जवळून पाहिलेली असली पाहिजे. बिब्ब्याच्या टरफलात जो तपकिरी, हवा लागताच काळा पडणारा रस असतो, त्यात कातडीस फोड आणणारी फिनॉलच्या जातीची द्रव्ये आहेत. धोबी लोक कपड्यावर खूण करण्यासाठी हाच रस वापरीत, कारण तो धुतला तरी जात नाही. ह्याच फळातील गोडंबी आपण पौष्टिक म्हणून लाडवात घालून खातो. पण बिब्बे फोडून ती काढणाऱ्या बायांचे हात मात्र भाजलेले आणि काळवंडलेले असतात. एकाच फळात औषध, खाद्य आणि विष अशी तिन्ही नांदतात. त्यांपैकी आपल्या वाट्यास कोणते येणार हे जागेवर, मात्रेवर आणि वापरणाऱ्या हातावर अवलंबून असते.

आता कातडीच्या रचनेकडे वळू. आपली त्वचा मुख्यत्वे दोन थरांची असते. वरचा थर तो अधिचर्म. चेहऱ्यावर त्याची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असते. पापणीवर त्याहूनही कमी, आणि तळपायावर कित्येक पट अधिक. ह्या थरात रक्तवाहिन्या नसतात. त्याच्या तळाशी नव्या पेशी सतत जन्मास येतात, हळूहळू वर सरकतात, मृत होतात आणि कोंड्याच्या रूपाने गळून जातात. हे चक्र साधारणपणे एक ते दीड महिन्यात पुरे होते. म्हणजे कांडोळाप्रमाणे आपणही पापुद्रे टाकीतच असतो. फक्त ते आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत. अधिचर्माच्या खाली जे असते ते खरे चर्म. त्यात रक्तवाहिन्या, मज्जातंतू, केसांची मुळे आणि त्वचेस बळकटी देणारे तंतू असतात. अधिचर्मास इजा झाली तर ते भरून येते व मागे वण राहत नाही. खरे चर्म खोलवर जळाले तर वण राहतो. साल काढण्याचे सारे शास्त्र ह्या एका सीमारेषेभोवती फिरते.

हे शास्त्र परदेशातून आले, असा आपल्याकडे समज आहे. आधुनिक स्वरूपात ते तिकडून आले ह्यात शंका नाही. १८८२ साली जर्मनीतील हँबुर्ग येथील पाउल गेर्सन उन्ना ह्या त्वचारोगतज्ज्ञाने सॅलिसिलिक आम्ल, रिसॉर्सिन, फिनॉल आणि ट्रायक्लोरॲसेटिक आम्ल ह्यांचे कातडीवरील परिणाम वर्णन केले, आणि पुढील काम त्या पायावर उभे राहिले. १९७४ साली व्हॅन स्कॉट आणि यू ह्या अमेरिकेतील संशोधकांनी फळांत, उसात व दुधात सापडणाऱ्या सौम्य आम्लांचा कातडीवरील गुण दाखविला, आणि आजचे ग्लायकोलिक व लॅक्टिक आम्लांचे उपचार त्यातून निघाले. परंतु सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील क्षारपाकविधी हा अकरावा अध्याय ज्याने वाचला असेल त्यास ह्या सर्व प्रकारात एक ओळखीचा चेहरा दिसल्यावाचून राहणार नाही.

सुश्रुताने क्षार तयार करण्यासाठी जी झाडे सांगितली आहेत त्यांत पळस, कुडा, बेहडा, बहावा, रुई आणि आघाडा ही आहेत. गडचिरोलीच्या कोणत्याही पाऊलवाटेने तासभर चालले तर ह्यांतील बहुतेक भेटतील. त्यांची राख सहापट पाण्यात कालवावयाची, ते पाणी एकवीस वेळा गाळावयाचे, आणि मग आटवावयाचे, असा तो विधी आहे. बाहेरून लावण्याचा क्षार ज्या रोगांवर सांगितला आहे त्यांत गजकर्ण, चामखीळ, तीळ, आणि व्यंग, म्हणजेच आपले वांग, ह्यांची नावे येतात. क्षाराचे प्रकारही तीन आहेत: मृदू, मध्यम आणि तीक्ष्ण. आजचे त्वचारोगतज्ज्ञही ह्या उपचाराच्या तीनच पायऱ्या मानतात. वरवरची साल अधिचर्मापुरती काढावयाची, मध्यम साल खऱ्या चर्माच्या वरच्या भागापर्यंत, आणि खोल साल त्याहून खाली. ह्या शेवटच्या प्रकारात फिनॉल वापरतात. ते कातडीतून रक्तात जाऊन हृदयाच्या ठोक्यांत बिघाड करू शकते, म्हणून तो उपचार हृदयावर सतत लक्ष ठेवूनच करावा लागतो.

त्याहून लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे वेळेचे बंधन. सुश्रुताजवळ घड्याळ नव्हते. क्षार लावल्यावर शंभर अक्षरे उच्चारण्यास लागेल इतका वेळ थांबावे, असे त्याने सांगितले. जागा काळी पडली म्हणजे दाह योग्य झाला असे समजावे. आजच्या डॉक्टराच्या हातात सेकंदकाटा असतो, आणि ट्रायक्लोरॲसेटिक आम्ल लावले असता कातडीवर जी पांढरी हिमासारखी छटा उमटते तिच्यावर त्याची नजर असते. एकाची खूण काळी, दुसऱ्याची पांढरी. पण खूण दिसताच हात थांबला पाहिजे, ह्याविषयी दोघांचे एकमत आहे. थांबविण्याची तऱ्हा पाहिली तर आणखी मौज वाटते. क्षाराचा दाह शमविण्यासाठी सुश्रुत आंबट द्रव्ये, तूप आणि ज्येष्ठमध लावावयास सांगतो. मग स्वतःच शंका काढतो की, आंबट पदार्थ तर स्वभावाने अग्नीसारखा, त्याने दाह शमतो कसा? आणि क्षार व आम्ल एकत्र आले म्हणजे क्षाराचा तीक्ष्णपणा जाऊन त्यास माधुर्य येते, असे त्याचे समाधान करतो. आज ग्लायकोलिक आम्ल थांबविण्यासाठी खाण्याच्या सोड्याचे पाणी वापरतात. पूर्वी क्षार आम्लाने शांत केला, आता आम्ल क्षाराने शांत करतात. एवढे मात्र ऐकणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की, घरात कातडीवर आम्ल किंवा क्षार सांडला तर हा प्रयोग करू नये. वाहत्या पाण्याने पुष्कळ वेळ धुवावे व दवाखाना गाठावा.

आपल्या प्राचीनांना सर्व ठाऊक होते, असे ठरविण्यासाठी मी हे सांगत नाही. जंतू, पेशी, रंगद्रव्य ह्यांची आज आहे तशी माहिती तेव्हा नव्हती. मला त्या अध्यायाचे मोल वाटते ते त्यातील संयमासाठी. दुर्बळ, बालक, वृद्ध, भित्रा मनुष्य, गर्भिणी इत्यादिकांवर क्षार वापरू नये, अशी लांब यादी तेथे आहे. शेवटी असा इशारा आहे की, अल्पबुद्धीच्या हातचा क्षार हा विष, अग्नी, शस्त्र आणि वीज ह्यांच्यासारखा प्राणघातक होतो, आणि जाणत्याच्या हातचा तोच क्षार घोर रोगांचा लवकर नाश करतो. बिब्ब्याने गाल भाजलेली ती मुलगी समोर बसलेली असताना मला ह्या इशाऱ्याची आठवण झाली.

येथे आपणांपैकी कित्येकांस वाटेल की, हे रानातल्या अडाणीपणाचे उदाहरण झाले. आमच्या घरात असे होणार नाही. श्रोतेहो, मला तितकी खात्री वाटत नाही. शहरातील सुशिक्षित घरांतील आरशापुढे हल्ली ज्या बाटल्या मांडलेल्या दिसतात, त्यांतील काहींत तीव्र आम्ले असतात आणि त्या टपालाने घरपोच येतात. वैद्याने लावलेल्या आम्लाचे तीव्रपण, वेळ आणि जागा तो स्वतः ठरवितो. आरशापुढे उभी असलेली सोळा वर्षांची मुलगी हे कशावरून ठरविणार? पहिल्या दिवशी काही झाले नाही म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट लावणे, हीच चूक त्या घरात झाली आणि हीच ह्या घरातही होते. लिंबू तर घरचेच, म्हणून त्याचा रस तोंडावर चोळून उन्हात जाणारेही आहेत. लिंबाच्या रसाने कातडी उन्हास अधिक हळवी होते व भाजल्यासारखे चट्टे उठतात. बिब्बा टोपलीत असो की नक्षीदार बाटलीत असो, तो बिब्बाच.

आपल्या कातडीच्या रंगाचाही येथे विचार केला पाहिजे. गव्हाळ व सावळ्या कातडीत रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी अधिक जाग्या असतात. कडक उन्हात त्या आपले रक्षण करतात. वैशाखात तेंदूपत्ता तोडणाऱ्या बायांचे दिवसच्या दिवस उन्हात जातात. ती कातडी जर गोरी असती तर तिचे काय झाले असते ह्याची कल्पना करावी. परंतु ह्याच पेशींना भाजल्याची, घासल्याची किंवा दाहाची चाहूल लागली की त्या घाबऱ्याघाबऱ्या अधिक रंग ओततात, आणि दाह गेल्यावरही काळा डाग महिनोन्महिने मागे राहतो. म्हणून आपल्या देशातील जाणते डॉक्टर बहुधा वरवरचीच साल, थोड्या थोड्या मात्रेने, काही आठवड्यांच्या अंतराने काढतात. आधी दोन ते चार आठवडे कातडीची तयारी करून घेतात, आणि नंतर उन्हापासून जपण्याची सक्त ताकीद देतात. उन्हाची काळजी घेतली नाही तर वांग परत येते. साल काढल्याने माणूस गोरा होतो ही समजूत तर मुळातच चुकीची आहे. डाग फिका होतो. जन्माचा रंग बदलत नाही, आणि तो बदलण्याचे काही कारणही नाही.

ह्या उपचाराचा एक गरीब भाऊ आहे, त्याचाही उल्लेख केला पाहिजे. सॅलिसिलिक आम्ल ३ टक्के आणि बेंझोइक आम्ल ६ टक्के मिसळून केलेले मलम लंडनच्या आर्थर व्हिटफील्ड ह्यांच्या नावाने शंभराहून अधिक वर्षे चालत आले आहे. गजकर्णाची बुरशी कातडीच्या ज्या मृत थरात राहते तो थरच हे मलम हळूहळू सोलून काढते. ते स्वस्त आहे. त्याच्या ऐवजी लोक झटपट गुण देणारी स्टेरॉइडमिश्रित मलमे दुकानातून आणून लावतात. खाज थांबते, पण बुरशी आत पसरते आणि कातडी पातळ होते. २०१८ साली सरकारने अशी कित्येक मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून विकण्यास बंदी केली. तरीही ती लावून हट्टी झालेले गजकर्ण आम्हांस रोज दिसते.

आता शेवटची आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. एक तरुण शिक्षक माझ्याकडे आले. दंडावर रुपयाएवढा फिकट चट्टा होता. घरच्यांच्या टोचणीला कंटाळून त्यांनी एक साल काढण्याचे द्रव्य मागविले व लावले. सोबतच्या कागदावर लिहिले होते की, जळजळ झाल्यास लगेच धुवावे. त्यांना जळजळ झालीच नाही. म्हणून औषध सौम्य आहे असे समजून त्यांनी ते रात्रभर ठेवले. सकाळी तेथे जखम झालेली होती, आणि तिच्याही वेदना नव्हत्या. मी त्यांना डोळे मिटावयास सांगून कापसाची वात त्या चट्ट्याच्या कडेवर टेकविली. दुसऱ्या दंडावर टेकविली तेव्हा त्यांनी लगेच सांगितले. ह्या दंडावर ते गप्प राहिले. तो कुष्ठरोग होता.

चंद्रपूर आणि गडचिरोली ह्या जिल्ह्यांना हा रोग नवा नाही. १९४९ साली स्थापन झालेल्या महारोगी सेवा समितीच्या वतीने बाबा आमटे ह्यांनी १९५१ साली वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केले, ते ह्याच रोगाने घराबाहेर काढलेल्या माणसांसाठी. त्या काळी औषधे तोकडी होती. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधांचा एकत्रित उपचार सुचविला, आणि आज सहा किंवा बारा महिन्यांत रोग पुरता बरा होतो; प्राथमिक आरोग्य केंद्रात ही औषधे फुकट मिळतात. वेळेवर सुरुवात झाली तर हातपाय वाकडे होत नाहीत. परंतु त्यासाठी चट्टा दिसला पाहिजे. तो आम्लाने जाळून, लेप लावून, रंग फासून झाकला तर रोग मात्र आत चालूच राहतो. प्रत्येक फिकट चट्टा कुष्ठाचा नसतो. शिबे असेल, कोड असेल, मुलांच्या गालावर तर बहुधा साधा कोरडेपणा असेल. पण ते ठरविणे हे आरशाचे काम नव्हे.

त्या शिक्षकांनी बारा महिने औषध घेतले. नोकरी सुटली नाही, लग्नही मोडले नाही. गेल्या वर्षी ते आपल्या शाळेतील चार मुलांना घेऊन आले. चौघांच्याही अंगावर चट्टे होते. तिघांचे शिबे निघाले. एकाला औषध सुरू केले. ते म्हणाले, "मी आता वर्गात कापसाची वात ठेवतो."

श्रोतेहो, मी ह्या उपचाराच्या विरुद्ध नाही. मुरुमांच्या वणांनी कोमेजलेला तरुण चेहरा जाणत्या हाताखाली पुन्हा मान वर करून चालू लागलेला मी पाहिला आहे, आणि त्या समाधानास हसणे निर्दयपणाचे होईल. माझे मागणे इतकेच की, डाग काढण्यापूर्वी तो काय आहे हे ओळखून घ्यावे. तो केव्हा आला, वाढतो काय, त्यास स्पर्श कळतो काय, हे आधी पाहावे. मग साल काढावयाची असेल तर ती ज्याला थांबणे ठाऊक आहे त्याच्या हातून काढून घ्यावी. गरोदर स्त्रीने, ओठांवर वारंवार फोड येणाऱ्याने, आणि मुरुमांसाठी पोटात औषध घेणाऱ्याने ही गोष्ट डॉक्टरास आधी सांगावी. आणि घरात कोणी मुलगी आरशापुढे फार वेळ उभी राहू लागली, तर तिच्या हातातील बाटलीवर काय लिहिले आहे हे एकदा वाचावे. आणि तिला तसे उभे राहावयास लावणारे शब्द आपल्याच घरात कोणी उच्चारले नाहीत ना, हेही आठवून पाहावे.